वाहन, वेग आणि न्यायासन

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत तलवाडा हें गांव आहे. तेथील त्वरिता देवीचें स्थान त्या मुलखांत प्रसिद्ध आहे. त्वरिता म्हणजे सत्वर धांवून येणारी. संकटांत सांपडलेल्या भक्तानें हांक मारावी आणि देवीनें क्षणाचाहि विलंब लावूं नये, हा भाव त्या नांवांत सांठविलेला आहे. परंतु जी त्वरा देवतेच्या ठिकाणीं भूषण, तीच रस्त्यानें वाहन हांकणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं अनर्थाचें मूळ होते. मनुष्याची ही त्वरा गुन्हा केव्हां ठरते, न्यायासनासमोर ती कशी सिद्ध करतात, आणि आरोपीस तिचें उत्तर कसें देतां येतें, या प्रश्नांमागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो कायद्याच्या जाड ग्रंथांत दडलेला असला तरी त्याचा संबंध प्रत्येक घराशीं येतो. कारण सकाळीं घराबाहेर पडलेलें माणूस सायंकाळीं सुखरूप परत येईल, या भरंवशावरच सारे संसार चाललेले असतात.

बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. दसरा-दिवाळी उरकली कीं मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरकारखान्यांची वाट धरतात. पूर्वीं ही वाट बहुतांशीं बैलगाडीची होती. आतां ती ट्रॅक्टर, मालमोटारी आणि दुचाक्या यांनीं व्यापली आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसानें शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत दिवसाच नव्हे, तर रात्रींहि रस्त्यावर दिसतात.

समजा, अशा एका रात्रीं तलवाड्याच्या शिवारांत एका ट्रॅक्टरचें चाक फुटलें. चालकानें ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेस उभा केला व तो दुरुस्तीची खटपट करूं लागला. ट्रॉलीच्या मागें तांबडा दिवा नव्हता, चकाकणारी पट्टी नव्हती. चाकामागें दगड मात्र लावलेला होता. इतक्यांत पाठीमागून दुचाकीवरून एक तरुण आला, काळोखांत त्याला ट्रॉली दिसली नाहीं, आणि तो तिच्यावर आदळून गतप्राण झाला. दुसऱ्या दिवशीं पोलिस ठाण्यांत फिर्याद नोंदली जाते आणि लेखणीच्या संवयीनें तींत एक ठराविक वाक्य उतरतें: आरोपीनें आपल्या ताब्यांतील वाहन भरधाव वेगानें, हयगयीनें व निष्काळजीपणें चालवून मरणास कारण झाला. आतां यांत गोम अशी कीं, ट्रॅक्टर तर उभा होता. उभें वाहन भरधाव कसें असेल? जो दोष खरोखर घडला, म्हणजे काळोखांत दिव्यावांचून वाहन रस्त्यावर ठेवणें, त्याचा फिर्यादींत उल्लेखहि नाहीं. आणि जो घडला नाहीं, तो मात्र ठसठशीत लिहिलेला आहे. अशा खटल्याचा शेवट काय होणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको. हें उदाहरण कल्पित आहे. परंतु तें ज्या शब्दांभोंवतीं फिरतें ते शब्द मोटारीहून जुने आहेत.

इंग्लंडांत १८६१ सालच्या कायद्यानें बेफाम गाडी हांकून कोणास इजा करणें हा अपराध ठरविला होता. तेव्हां डोळ्यांसमोर होत्या त्या घोड्याच्या गाड्या. वाफेच्या यंत्रानें चालणारीं वाहनें आलीं तेव्हां १८६५ सालीं त्यांना गांवांत ताशी दोन मैल व गांवाबाहेर ताशी चार मैल अशी मर्यादा घालण्यांत आली, आणि पुढें तांबडें निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ति झाली. ही मर्यादा १८९६ सालीं सैल होऊं लागली. त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीखालीं मेलेली ती ब्रिटनमधील पहिली पादचारी होय. चौकशींत चालक म्हणाला, वेग ताशी चार मैलांचा होता. एका साक्षीदारानें सांगितलें, गाडी आगीच्या बंबासारखी धांवत होती. पंचांनीं अपघाती मृत्यूचा निर्णय दिला. मोटारींच्या खटल्यांत आजपर्यंत चालत आलेला वाद त्या पहिल्याच चौकशींत असा उभा राहिला: वेग किती होता, आणि तो कोणीं व कशानें मोजला?

हिंदुस्थानांत भारतीय दंडसंहिता १८६० सालीं मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आली. तिच्या २७९ व्या कलमांत सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणें अगर हयगयीनें, मनुष्याचा जीव धोक्यांत येईल अशा रीतीनें वाहन हांकणें किंवा स्वारी करणें, यासाठीं सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि, अशी शिक्षा सांगितली होती. त्या काळीं वाहन म्हणजे छकडा, टांगा किंवा घोडागाडी. या कलमाची खुबी अशी कीं, त्यांत कोणी मरण्याची वा जखमी होण्याची गरज नाहीं. धोका उत्पन्न करणें एवढ्यानेंच अपराध पुरा होतो. परंतु हयगयीनें कोणाचा प्राणच गेला तर काय, याविषयीं मूळ संहितेंत स्वतंत्र कलम नव्हतें. मेकॉलेच्या १८३७ सालच्या मसुद्यांत तशी तरतूद होती. ती संहिता मंजूर होतांना गळाली. पुढें जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कायदेमंत्री असतांना १८७० सालीं ३०४-अ हें कलम घालण्यांत आलें, आणि बेदरकारपणानें किंवा हयगयीनें मृत्यूस कारण होणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. रस्त्यावरील अपघातांचे बहुतेक खटले पुढील दीडशें वर्षें याच दोन कलमांवर चालले.

बेदरकारपणा आणि हयगय हे दोन शब्द बोलण्यांत एकाच श्वासांत येतात. कायद्याला मात्र ते निरनिराळे आहेत. अलाहाबादच्या उच्च न्यायालयांत १८८१ सालीं न्यायमूर्ति स्ट्रेट यांनीं हा भेद स्पष्ट केला. धोका डोळ्यांसमोर दिसत असतां, परिणामाची पर्वा न करतां, पण कोणास इजा करण्याचा हेतु नसतां पुढें जाणें, हा बेदरकारपणा. सामान्य समंजस माणसानें जी काळजी घेतली असती ती मुळींच न घेणें, ही हयगय. वळणावर समोरून गाडी येत असल्याचें पाहूनहि जो पुढच्या गाडीस ओलांडूं पाहतो तो बेदरकार. ज्यानें रात्रीं निघण्यापूर्वीं मागचा दिवा लागतो कीं नाहीं हें पाहिलेंच नाहीं, तो हयगय करणारा. पहिल्याला धोका दिसतो पण तो त्याला जुमानीत नाहीं. दुसरा धोक्याकडे पाहतच नाहीं. दोघांचाहि दोष फौजदारी ठरण्यास तो मोठा असावा लागतो. हातून घडलेली प्रत्येक बारीकसारीक चूक म्हणजे गुन्हा नव्हे.

याहून महत्त्वाचा दंडक मुंबईच्या उच्च न्यायालयानें १९०२ सालीं घालून दिला. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला ओंकार रामप्रतापचा खटला म्हणून ओळखला जातो. मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनीं त्यांत सांगितलें तें सार असें: मृत्यु हा आरोपीच्या बेदरकार वा हयगयीच्या कृत्याचा सरळ परिणाम असला पाहिजे, मध्यें दुसऱ्या कोणाची हयगय येतां कामा नये. आरोपीचें कृत्य नसतें तर मृत्यु झाला नसता, एवढें दाखवून भागत नाहीं. तेंच कृत्य मृत्यूचें निकटचें व परिणामकारक कारण होतें, हें दाखवावें लागतें. पुढें १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्याच एका रंगाच्या कारखान्यांतील आगीच्या खटल्यांत हा दंडक उचलून धरला. त्या आगींत सात कामगार मेले होते. ज्वालाग्राही पदार्थांविषयीं पुरेशी खबरदारी न घेतल्याबद्दल कारखान्याच्या व्यवस्थापकाची शिक्षा कायम राहिली. पण आग प्रत्यक्ष पेटली ती दुसऱ्याच एका कामगाराच्या कृतीमुळें, म्हणून मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपांतून तो सुटला. खटला मोटारीचा नव्हता, तरी मोटारींच्या खटल्यांत त्या निकालाचा आधार तेव्हांपासून घेतला जातो.

एकोणिसावें शतक संपतां संपतां मुंबईंत मोटार आली. ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं मोटारींचा पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं. स्वतंत्र भारतानें १९८८ सालीं तिसरा केला. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. तलवाडा, गेवराई व सारा बीड जिल्हा मात्र १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि दंडाचा कायदाहि संस्थानचा होता. संस्थानच्या सरकारी बसगाड्या १९३२ सालीं सुरू झाल्या. संस्थान विलीन झाल्यानंतर १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता या मुलखास लागू झाली; १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्यें बदललीं, भाषा बदलली. परंतु फिर्याद, पंचनामा, जबाब, जामीन हे फारसी-अरबी वळणाचे शब्द दोन्ही राजवटींत तसेच राहिले, आणि आजहि खटल्याचा सारा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे.

हा डोलारा उभा कसा राहतो तें पाहूं गेल्यास पहिली पायरी फिर्यादीची. ती बहुधा मृताचा नातलग, जखमी माणूस किंवा स्वतः पोलिस अंमलदार देतो. गुन्हा दखलपात्र असल्यानें पोलिस वॉरंटावांचून अटक करूं शकतात. तो जामिनाचाहि असल्यानें जामीन मिळणें हा आरोपीचा हक्क असतो. नंतर घटनास्थळाचा पंचनामा. दोन पंचांसमक्ष जागेचें वर्णन लिहितात व नकाशा काढतात: रस्त्याची रुंदी किती, चाकांच्या घसटीच्या खुणा कोठून कोठपर्यंत, कांचा कोठें विखुरल्या, रक्त कोठें सांडलें, वाहन डाव्या अंगास होतें कीं उजव्या. मृतदेहाचा पंचनामा व शवविच्छेदन होतें. मोटार वाहन निरीक्षक वाहन तपासून ब्रेक, दिवे, सुकाणूं यांविषयीं लेखी अहवाल देतो. वाहन कोण चालवीत होता हें सांगण्याचें बंधन मालकावर असतें. साक्षीदारांचे जबाब घेऊन दोषारोपपत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जातें. तलवाड्याच्या माणसाला त्यासाठीं तालुक्याच्या गांवीं, गेवराईस जावें लागतें.

केवळ मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखालीं, म्हणजे धोकादायक वाहन चालविल्याचा खटला असला, तर आणखी एक अट असते. तुझ्यावर खटला होण्याचा संभव आहे अशी ताकीद आरोपीला जागच्या जागीं दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांच्या आंत रजिस्टर्ड टपालानें तशी नोटीस धाडलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेलें असावें. एरवीं त्या कलमाखालीं दोषी ठरवितां येत नाहीं. याचें कारण उघड आहे. रस्त्यावरील घटना क्षणाची असते. महिन्या-दोन महिन्यांनीं जाब विचारला तर आरोपीला आपले साक्षीदार कोठून आठवावे?

न्यायालयांत आरोपीस आरोप समजावून सांगतात व गुन्हा कबूल आहे काय असें विचारतात. त्यानें नाहीं म्हटलें कीं सिद्धतेचा सारा भार सरकार पक्षावर येतो. पंच, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, डॉक्टर, वाहन निरीक्षक, तपास अंमलदार असे एकामागून एक साक्षीदार पिंजऱ्यांत येतात. सरकारी वकिलाची सरतपासणी झाली कीं आरोपीच्या वकिलाची उलटतपासणी सुरू होते. शेवटीं पुराव्यांत जें जें विरुद्ध आलें तें आरोपीपुढें ठेवून न्यायाधीश त्याचें म्हणणें ऐकतो. मग युक्तिवाद, आणि निकाल.

बचावाच्या वाटा पांच-सहाच आहेत. पहिली ओळखीची: वाहन मी चालवीत नव्हतों. काळोखांत घडलेल्या अपघातांत ही वाट पुष्कळदां खुली असते, कारण वाहनाचा क्रमांक दिसला तरी चालकाचा चेहरा दिसलेला नसतो. दुसरी, बेदरकारपणाच सिद्ध झालेला नाहीं. तिसरी, मृत्यूचें निकटचें कारण दुसऱ्याची चूक आहे. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. मृतानेंहि थोडी चूक केली एवढ्यानें आरोपी सुटत नाहीं. त्याची स्वतःची हयगय मृत्यूच्या मुळाशीं असेल तर तो दोषीच ठरतो. चौथी वाट यंत्राच्या अचानक बिघाडाची: ब्रेक तुटला, टायर फुटला. ही वाट निरीक्षकाच्या अहवालापाशीं येऊन थांबते. ब्रेक ठीक होते असें त्यांत लिहिलेलें असेल तर ती तेथेंच खुंटते. पांचवी, एकाएकीं उद्भवलेल्या संकटांत दुसऱ्यास वांचविण्यासाठीं घेतलेला निर्णय चुकला, ही होय. आणि सहावी, सारी काळजी घेऊनहि अपघात घडला, ही.

या वाटांवर सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं दिवे लावून ठेवले आहेत. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत चालकापाशीं फक्त शिकाऊ परवाना होता. त्याच्या वाहनाखालीं माणूस सांपडून मेला. पण अपघात नेमका कसा झाला याचा पुरावा आला नाहीं. १९६७ सालीं न्यायालयानें म्हटलें कीं, परवान्याचा नियम मोडला त्याची शिक्षा निराळी. त्यावरून हयगय झालीच असें गृहीत धरतां येत नाहीं. १९७९ सालीं कर्नाटकांतील एका बसचालकाचा खटला आला. एक लहान मूल एकाएकीं रस्ता ओलांडूं लागलें, आणि त्याला चुकविण्याचा प्रयत्न करूनहि तें बसखालीं सांपडलें. अपघात स्वतःच आपली कहाणी सांगतो, हें तत्त्व दिवाणी दाव्यांत उपयोगी पडलें तरी फौजदारी खटल्यांत सिद्धतेचा भार आरोपीवर ढकलण्यास तें पुरें पडत नाहीं, असें सांगून न्यायालयानें चालकाला मुक्त केलें. कर्नाटकांतूनच आलेल्या दुसऱ्या एका खटल्यांत मालमोटार उलटून अनेक माणसें दगावलीं होतीं. गाडी फार वेगांत होती, असें साक्षीदार म्हणाले; परंतु फार वेग म्हणजे किती, हें एकालाहि सांगतां आलें नाहीं. वेग ही सापेक्ष गोष्ट आहे, आणि केवळ तो शब्द उच्चारल्यानें बेदरकारपणा सिद्ध होत नाहीं, असा निकाल १९९८ सालीं लागला. मोकळ्या महामार्गावर साठ किलोमीटरांचा वेग निर्धोक असूं शकेल. पण शाळा सुटण्याच्या वेळीं गांवांतील रस्त्यावर वीसचाहि वेग घातक ठरूं शकतो. म्हणून कुशल सरकारी वकील साक्षीदाराला वेग विचारीत बसत नाहीं. रस्त्यावर माणसें किती होतीं, कर्णा वाजला काय, ब्रेक कोठें लागला, गाडी कितव्या पावलावर थांबली, हें विचारतो.

हे निकाल ऐकून कोणास वाटेल कीं कायदा चालकांच्याच बाजूचा आहे. तसें नाहीं. २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, बेदरकारपणानें प्राण घेणाऱ्या चालकास चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून देण्याची दया सहसा दाखवूं नये. सुकाणूं हातीं असलेल्या प्रत्येकाच्या मनांत शिक्षेचा धाक सदैव राहिला पाहिजे. आणि जेथें हयगयीच्याहि पलीकडे जाऊन, आपल्या कृत्यानें माणसें मरतील याची जाणीव आरोपीस होती असें दिसतें, तेथें खटला हयगयीचा न राहतां सदोष मनुष्यवधाचा होतो. त्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची आहे आणि तो सत्र न्यायालयांत चालतो. मुंबईंत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे दारू प्यालेल्या एका तरुणाची मोटार पदपथावर झोंपलेल्या मजुरांवर गेली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानें हयगयीच्या कलमाखालीं सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयानें ती सदोष मनुष्यवधाखालीं तीन वर्षांवर नेली आणि १२ जानेवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली.

याच वांद्र्यांत २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे एका प्रसिद्ध चित्रपटनटाची मोटार अशाच झोंपलेल्या माणसांवर गेली होती. एक मेला, चौघे जखमी झाले. तो खटला आधीं हयगयीचा म्हणून न्यायदंडाधिकाऱ्याकडे चालला, नंतर सदोष मनुष्यवधाचा म्हणून सत्र न्यायालयांत गेला. ६ मे २०१५ रोजीं सत्र न्यायालयानें पांच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजीं उच्च न्यायालयानें आरोपीस निर्दोष सोडलें. कारण मोटार तोच चालवीत होता आणि दारूच्या अंमलाखालीं होता, हें सरकार पक्षास संशयातीत सिद्ध करतां आलें नाहीं. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. उपनगर एक, प्रकार सारखा, कायदा तोच. निकाल मात्र दोन टोकांचे. फरक पडला तो पुराव्यानें. घटना घडली त्या रात्रीं आणि दुसऱ्या दिवशीं काय टिपलें गेलें, कोणाचे नमुने कसे घेतले व कसे जपले, कोणाचे जबाब केव्हां झाले, यांवर तेरा वर्षांनंतरचा निकाल अवलंबून राहिला.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुनें २७९ वें कलम तींत २८१ वें झालें, ३०४-अ हें १०६ वें झालें. शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पांच वर्षांवर गेली. त्यामुळें एक सूक्ष्म फरक पडला: दोन वर्षांच्या मर्यादेंत हा खटला समन्सच्या साध्या पद्धतीनें चाले, पांच वर्षांची शिक्षा झाल्यावर तो वॉरंटच्या पद्धतीचा झाला व रीतसर दोषारोप ठेवणें अवश्य झालें. अपघात करून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्याला न कळवितां पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारें पोटकलमहि त्यांत होतें. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्यें देशभर मालमोटारींच्या चालकांनीं चाकें थांबविलीं, आणि बाकीची संहिता अंमलांत आली तेव्हां हें पोटकलम मागें ठेवण्यांत आलें. चालकांचें म्हणणें होतें कीं, थांबलों तर जमाव मारतो, पळालों तर कायदा मारतो. ही भीति कायद्याला अगदींच अपरिचित नाहीं. १९८८ च्या कायद्याच्या १३४ व्या कलमानें जखमीस डॉक्टरकडे नेणें व पोलिसांस कळविणें हें चालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. तथापि जमावाच्या प्रक्षोभामुळें जखमीस मदत करणें शक्य नसेल तर त्याची सवलतहि तेथेंच नमूद आहे.

फौजदारी खटल्याखेरीज मृताच्या घरच्यांसाठीं दुसरा दरवाजा आहे, तो नुकसानभरपाईचा. १९३९ च्या कायद्यानें तिऱ्हाइतासाठीं विमा सक्तीचा केला आणि १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघातांच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें आणलीं. तेथें संशयातीत पुराव्याची कसोटी नसते. दोहोंपैकीं कोणती गोष्ट अधिक संभवनीय, एवढेंच पाहतात. म्हणून चालक फौजदारी न्यायालयांत सुटला तरी विधवेचा दावा बुडत नाहीं, असें १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें. ही माहिती अनेक खेड्यांत पोहोंचत नाहीं. आरोपी सुटला, आतां आपलें कांहीं उरलें नाहीं, असें समजून माणसें घरीं बसतात.

आतां पुन्हां तलवाड्याच्या शिवारांतील त्या कल्पित रात्रीकडे वळावें. फिर्यादींत ठराविक वाक्याऐवजीं पुढील गोष्टी लिहिल्या गेल्या असत्या तर? ट्रॅक्टर कोठें व किती वेळ उभा होता. त्याचा किती भाग डांबरी रस्त्यावर होता. मागें दिवा वा चकाकणारी पट्टी होती कीं नव्हती. चालकानें झाडाची फांदी किंवा कंदील ठेवून सूचना दिली होती काय. ट्रॉलीची तपासणी शेवटीं केव्हां झाली. दुचाकीचा दिवा लागत होता काय. या सहा ओळींत खटल्याचा प्राण आहे. त्यांतून चालकाची हयगय दिसली तर ती भरधाव वेगाची नसून दिव्यावांचून रस्ता अडविण्याची आहे, आणि त्यासाठीं कायद्यांत कलमें आहेत. मालकानें दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर धाडली असेल तर प्रश्न त्याच्या दारापर्यंतहि जातो. उलट चालकानें फांदी व कंदील ठेवला असेल, आणि दुचाकीलाच दिवा नसेल, तर एका गरीब माणसाचा हंगाम व अब्रू दोन्ही वांचतात. ठराविक वाक्य मात्र या दोघांनाहि न्याय देत नाहीं. दोष असलेला त्याच्या आडून निसटतो, दोष नसलेला त्याखालीं चिरडला जातो, आणि ज्यानें प्राण गमावला त्याच्या आईला आपला मुलगा कशानें गेला हें शेवटपर्यंत कळत नाहीं.

दीडशें वर्षांत छकड्याची जागा मोटारीनें घेतली, दोन वर्षांची शिक्षा पांच वर्षांची झाली, संस्थानें गेलीं, भाषा बदलल्या. न्यायासनाचा प्रश्न मात्र १८८१ सालीं होता तोच आहे: या माणसानें कोणती काळजी घ्यावयास हवी होती, ती त्यानें घेतली काय, आणि त्याच चुकीनें हा प्राण गेला काय? शिक्षेचा आंकडा वाढविणें विधिमंडळाच्या हातीं आहे. पण या तीन प्रश्नांचीं उत्तरें रस्त्यावर, काळोखांत, मोजपट्टी व कंदील घेऊन उभ्या असलेल्या अंमलदाराच्या आणि दोन पंचांच्या हातीं असतात. अपघातानंतर पंच होण्यास बहुतेक माणसें मागें सरतात. कोर्टाची पायरी नको, म्हणून पाहिलेलें न पाहिल्यासारखें करतात. त्वरिता देवी भक्ताच्या हांकेसरशीं धांवत येते अशी श्रद्धा आहे. वाटेवर पडलेल्या माणसासाठीं तशीच त्वरा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं दाखवावी, आणि पाहिलें तेंच, पाहिलें तेवढेंच सांगण्याची तयारी ठेवावी, तर न्यायाचें निम्मेंअधिक काम तेथेंच पार पडतें.